कोंबड्याचा शिक्का

"पप्पा, बेकरी विकू नकोस ना! मी चालवीन."

"तू? आधी नाकाला पीठ न लावता कणीक मळून दाखव!" रोक्को हसला. दहा वाजता विक्रीच्या कागदांवर सह्या व्हायच्या होत्या.

सोळा वर्षांच्या फ्लोरियानाने रागारागात शेवटच्या चाळीस पावांवर नेहमीचा, बेकरीच्या नावाच्या अक्षराचा शिक्का दाबला. तिकडे इटलीत, मातेरा गावात सगळ्या गल्लीची भट्टी एकच असायची, म्हणून आपला पाव दुसऱ्याच्या घरी जाऊ नये यासाठी पणजी त्यावर कोंबड्याचा शिक्का मारायची. इथे अमेरिकेत, प्रॉव्हिडन्सला येऊन स्वतःची भट्टी घातली, तरी तिची सवय सुटली नाही. शेवटी तो शिक्का तिच्याबरोबर शवपेटीतच गेला.

पाव भाजून बाहेर आले. चाळीसच्या चाळीस पावांवर कोंबडा!

"कुठून पैदा केलास हा शिक्का? चेष्टा पुरे हं!"

"पप्पा, तो तर तूच पणजीच्या हातात ठेवला होतास."

"मग सांग माझ्या आजीला, बेकरी आजच दुसऱ्याच्या घरी जाणार!" म्हणत त्याने अ‍ॅप्रन काढायला मान खाली घातली.

पप्पाच्या मानेवर कोंबडा उमटला होता, ताजा, लालबुंद.