थोरल्याचा विमा

दार उघडायला उशीर झाला म्हणून थोरल्याने आईला भिंतीवर आपटलं आणि तिचा हात पिरगळून मोडला. चौथ्या दिवशी प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवून ती कोपऱ्यावरच्या मोठ्या दुकानात गेली. तिथे साबणांच्या रॅकशेजारी टेबल मांडून सरकारी आरोग्य विम्याचे फॉर्म भरून देत होते.

"कुणाचा भरायचाय, मावशी?" टेबलावरच्या मुलीने विचारलं.

"थोरल्या मुलाचा. उद्यापासून लागू होईल ना?"

"होईल. पण हात तुमचा मोडलाय, आधी तुमचा भरू या."

"माझं राहू दे गं. थोरल्यानेच मोडला तो."

मुलीचं पेन थांबलं. "आणि तरी त्याचाच विमा?"



"माझ्या धाकट्या मुलीला कळलंय सगळं. उद्या सकाळी घरी येतेय ती."