बसले का समदे?

“यंदा नवं खाणं करत नाई मी,” मंगरू फोनवर म्हणाला. फोन मोहाच्या झाडाखाली उभं राहिलं तरच लागायचा, त्यामुळे घरातली गोष्ट अख्ख्या रानाला ऐकू गेली. रानानं काही मत दिलं नाही.

नवं खाणं म्हणजे नवा तांदूळ शिजवायचा, पूर्वजांना ठेवायचा, मग घरातल्या मोठ्यानं विचारायचं, “बसले का समदे?” “बसलो” ऐकू आलं की पहिला घास घ्यायचा. गेल्या साली नव्या खाण्याआधीच त्याची बायको सुकरी गेली. तरी मंगरूनं सवयीनं विचारलं. शेजारच्या कोंबडीनं मान वर केली. मंगरूनं भात झाकून ठेवला.

“असं नको करू, बाबा,” पोरगी म्हणाली. “माहा प्रयोग अडला ना!”

रीना दूरच्या शहरात होती. अंतराळ स्थानकावरच्या माणसांनी कोणता प्रयोग कसा करायचा, ते ठरवणाऱ्या कचेरीत. वर डब्यात धान पिकवून, शिजवून चाखायचा प्रयोग तिचा. बियाणं मंगरूचं. देताना त्यानं सगळ्यांना बजावतो तसंच बजावलं होतं, “आमच्या आधी खायचं नाई.” रीनानं ते प्रयोगाच्या पायऱ्यांत घातलं. साहेबांना त्यात काहीतरी खोल शास्त्र दिसलं. विचारलं तर आपलं अज्ञान उघडं पडेल, म्हणून सगळ्यांनी सह्या केल्या.

“वर भात तयार हाये. चौघं जण तुह्यासाठी थांबले हायेत.”

“खोडून टाक ना ते.”

“खोडाले पुन्हा समद्यांच्या सह्या लागतेत. तवर ते चौघं खाली येऊन जातीन.”

मंगरूनं मोहाच्या फांद्यांतून आभाळाकडे पाहिलं. मग म्हणाला, “ते खाली बसून जेवतेत का?”

“तरंगतेत, बाबा.”

“तसं नाई चालत. बसाले सांग. मी भात टाकतो.”

“पट्ट्यानं बांधून बसतीन ते,” रीना घाईनं म्हणाली.

तासाभरानं मडकं मोहाखाली आलं. मंगरूनं एका पानावर पूर्वजांचा आणि सुकरीचा भात ठेवला. रीनानं वरच्या चौघांशी जोडून दिलेला फोन मुळाशी टेकवला. घसा खाकरला. कोंबडी मागोमाग आली होतीच.

“बसले का समदे?”

थोडा वेळ नुसती खरखर. मंगरूचा हात झाकणाकडे गेला.

“बसलो,” वरून एक अनोळखी, अडखळता आवाज आला. मागोमाग तीन. मग रीनाचा. आणि मग कचेरीतल्या खुर्च्या एकेक करून मागं सरकल्या, साहेबलोक फरशीवर बसले.