उतार

गुरुप्रसादने मोबाईलवर बघून गाडीचा सेल्फ-स्टार्टर घरीच उघडला, पुसला नि परत बसवला. सकाळी किल्ली फिरवली तर गाडी नुसती टक् करून गप्प. दहाला ओरोसमध्ये त्याच्या मुलीची, संचिताची, नोकरीची मुलाखत, एसटी निघून गेलेली, पोरगी रडकुंडीला आलेली.

"मेल्या, मिक्सर उघडलंस तो गेलो, पंप उघडलंस तो गेलो, आता गाडयेचो जीव घेतलंस!" सत्यभामाआजीच्या तोंडाचा पट्टा सुटला.

"आये, उतारावरून ढकलली तर चालू होतली," लेक पुटपुटला.

पण उतार होता तो शेजारी राहणाऱ्या आजीच्या दिराच्या अंगणातून, आणि मध्ये दगडांचा गडगा. कोर्टात जिंकून आजीनेच तो उभं राहून घालून घेतलेला. तेव्हापासून बारा वर्षं दोन्ही घरांत अबोला.

"मेलंय तरी त्याका हाक मारूचंय नाय!" आजी गरजली आणि वळली, तर पलीकडे आरडाओरडा ऐकून आलेला दीर हरिश्चंद्र गडग्याचे दगड उतरवत होता.



बारा वर्षांनी आजी त्याच्यावर पहिल्यांदा कडाडली, "दगड नीट रचून ठेव रे हरिश्चंद्रा, सांजेक गडगो परत घालूचो आसा!"