परक्या तोंडातली दाढ

कौतिका अहिरे दवाखान्यातल्या खुर्चीत आ करून पडली होती. तिच्या हिरडीत वाढलेली दाढ आज निघणार होती, कारण ती दाढ तिची नव्हती, दफ्तरीसाहेबांची होती. नवी दाढ उगवताना महिनोन्‌महिने ठणकते. तो ठणका साहेबलोकांना सोसवत नाही, म्हणून त्यांचं बीज गरिबाच्या हिरडीत रुजवायचं आणि दाढ तयार झाली की काढून त्यांना बसवायची, अशी आता सगळीकडेच रीत पडली होती. बदल्यात कौतिकाच्या किडक्या दातांवर इलाज होणार होता. एरवी तिला इथं दारातही कुणी उभं केलं नसतं.

दफ्तरी स्वतः दाढ बघायला आले. नाकाला रुमाल लावून ते डॉक्टर नेनेबाईंना म्हणाले, "हिचं तोंड नीट धुऊन घेतलंय ना? ही माणसं काय काय चघळत असतात."

कौतिकानं तोंड मिटलं. ती उठून बसली, कनवटीची सुपारी काढून तिनं त्याच दाढेखाली धरली आणि कडकन फोडली.

"हे चघळतो आम्ही," ती म्हणाली.

दफ्तरींचा चेहरा आंबट झाला. "उष्टी दाढ मला नको."

"पुन्हा इथं पाऊल टाकायचं नाही," नेनेबाई कौतिकाला म्हणाल्या. "बाकीचे दात किडून पडले तरी."

कौतिका बाहेर आली आणि दवाखान्याच्या पायरीवर बसून त्याच दाढेनं फुटाणे खाऊ लागली. बाकीचे दात ठणकत होते. दफ्तरींची गाडी तिच्यासमोरून गेली, तेव्हा ती काचेकडे बघत सावकाश चावत राहिली.