फाटकापाशी लिंबू

बहारीनच्या तुबलीत गॅरेज चालवणारे जयेशदादा दुरुस्त झालेली प्रत्येक गाडी लिंबू चिरडूनच बाहेर काढत. आजची गाडी तर अख्ख्या देशात एकच. पन्नास वर्षांपूर्वीची अमेरिकन, चामडी सीटांची, आठ सिलिंडरांची. मागं एकदा ब्रेक न लागल्याने ती भिंतीवर आदळली होती आणि आज त्याच गाडीतून तिचे म्हातारे मालक अबू खालिद लेकीला लग्नाला नेणार होते. दादांनी चाकापुढं लिंबू ठेवलं. "माझे ब्रेक असताना लिंबू कशाला?" ब्रेक बसवणारी श्रावस्ती म्हणाली. ते उचलून तिने फाटकापाशी ठेवलं. ती स्टिअरिंगवर बसली. गाडी गुरगुरत सुटली, बाजूला उभ्या अबू खालिदनी डोळे मिटले. उघडले तेव्हा चाक लिंबाच्या बोटभर अलीकडे थांबलं होतं. श्रावस्तीने उतरून लिंबू उचललं, बाहीला पुसलं आणि दादांच्या हातात दिलं. "कोरा सुलेमानी चहा सांगा, दादा. नवरीच्या बापासाठी. त्यात पिळायला लिंबू आहेच."