चिंचेखालचं घर

धरणाची मातीची प्रतिकृती उद्या गावकऱ्यांना दाखवायची होती आणि फक्त पाणी रंगवायचं राहिलं होतं. मल्लिकार्जुन पेंटरनं हैदराबादेहून आणलेला, रंग फवारायचा एअरब्रश पंपाला जोडला, तोच म्हाताऱ्या बानूबाईनं त्याचा हात धरला. प्रतिकृतीतल्या हरभऱ्याएवढ्या घरावर बोट ठेवून ती म्हणाली, "लेकरा, चिंचेखालचं हे घर माजं हाय. फवारा मारू नको, रंग लय लांब उडतो. बारक्या कुंचल्यानं पाणी काढ, म्हंजी घर वाचंल." पाण्याची हद्द नकाशावर कधीच ठरली होती आणि हे घर तिच्या आत येत होतं, पण ते सांगायला त्याची जीभ रेटेना. एअरब्रश ठेवून त्यानं कुंचला घेतला, तेवढं घर सोडून भोवती निळा रंग भरला. ती निवांत घरी गेली. संध्याकाळी, धरणाचे साहेब काम बघायला यायच्या आत, त्यानं त्या घरावर एअरब्रश रोखला. तेवढ्यात चपराशी म्हणाला, "बानूबाई लय खुशीत हाय. घराची पडकी भिंत बांधायलीय."