ड्रॅगनचा खोकला

"इथं का थांबलात?" लेखकानं काचेबाहेरून विचारलं.

काचेच्या आत, भिंतींना जाड गाद्या ठोकलेल्या खोलीत त्याच्या कादंबरीच्या ध्वनिमुद्रणाला बसलेला वाचक मान वर न करता म्हणाला, "सवय आहे, सर."

सवय म्हणजे काय, तर ना स्वल्पविराम ना पूर्णविराम, वाक्याच्या ऐन मध्यावर हा बाबा थांबायचा. दोन श्वासांइतका. मग पुढं निघायचा. ध्वनिमुद्रण सांभाळणाऱ्या बाईंना सगळे कानताई म्हणत, कारण शेजारच्या इमारतीत कुणाचा चमचा पडला तरी त्यांना ऐकू यायचा. त्या मागाहून ही शांतता कापून टाकत. सोबत त्याचा खोकलाही. प्रत्येक प्रकरणाआधी एक कोरडा खोकला, अगदी ठरलेला.

"खोकल्याचं एवढं काय घेऊन बसलात?" कानताई म्हणाल्या. "तुमच्या ड्रॅगनलाही आहेच की."

होता खरा. अकरा राज्यं, चार युद्धं, शेकडो सरदार, आणि या सगळ्यांच्या मधोमध एक ड्रॅगन, ज्याला खोकल्यापायी धड आग ओकता येत नव्हती. समीक्षकांनी त्या खोकल्यात सत्तेची जर्जरता वगैरे पाहिली होती. लेखकानं कधी नाही म्हटलं नाही. तिसऱ्या खंडाच्या शेवटच्या पानावर ड्रॅगन बाण लागून पुलावर कोसळतो. जगतो की मरतो, ते चौथ्या खंडात. आणि त्या चौथ्या खंडासाठी लोक नऊ वर्षं ताटकळत होते.

पहिले तीन खंड त्यानं भाड्याच्या खोलीत लिहिले होते, फळ्यांच्या भिंतीला खाट टेकवून. तेव्हा तो कचेरीत लघुलेखक होता. साहेबांनी तोंड उघडायचा अवकाश, याची पेन्सिल धावायला लागायची. "पलीकडं पोर किरकिर करायचं आणि अलीकडं मी राजे मारायचो," असं तो मुलाखतींत सांगे, आणि लोक पोट धरून हसत. चौथा खंडही तयार आहे, लघुलिपीत, घरच्या कपाटात, असं त्यानं प्रकाशकाला सांगून ठेवलं होतं. कपाटाची किल्ली गळ्यातल्या दोऱ्यात असे.

आज ध्वनिमुद्रणात तिसऱ्या खंडाचं तेच शेवटचं पान होतं. वाचकानं ते वाचलं आणि लेखकाच्या कपाळावर आठी चढली.

"तो पडतोय हो. आवाज इतका निवांत कसा? ऐकणाऱ्याला वाटायला हवं, गेला बिचारा."

"पण जात नाही ना तो," वाचक सहज बोलून गेला.

काचेच्या दोन्ही बाजूंना शांतता पसरली. ही कापायला कानताईंचा हात पुढं झाला नाही.

"कुणी सांगितलं?"

"असं आपलं वाटतं, सर."

लेखक तडक घरी आला. कुलूप शाबूत होतं. वह्या चारच्या चार जागेवर होत्या. तिघींचे कोपरे झिजलेले. चौथी त्यानं उघडली नाही. तिच्यात काय आहे ते त्याला पाठ होतं.

मग सगळ्यांवर संशय घेऊन झाला. स्वयंपाकीण झाली, प्रकाशक झाला. जावयावर घ्यायला तर त्याला कधीच कारण लागत नसे. पण किल्ली यातल्या एकाच्याही हाती लागणं शक्य नव्हतं. म्हणजे सूत्र त्या वाचकाकडंच होतं. याला काहीतरी माहीत आहे, आणि उद्या तो ते चारचौघांत बोलला तर नाव, मान, खंड सगळं पाण्यात.

संध्याकाळच्या आत त्यानं वाचकाला चाचपायला शेवटचं पान नव्यानं टंकलं. त्यात ड्रॅगन पुलावरच मेला.

"पान बदललंय," दुसऱ्या सकाळी तो म्हणाला आणि काचेला नाक लावून बसला.

वाचक खोकला. वाचू लागला. अर्ध्यावर थांबला, आणि या वेळी दोन श्वासांनी पुढं गेला नाही. त्यानं कागद खाली ठेवला.

"हे कुणी लिहिलंय?"

"मी. सगळंच मी लिहिलंय."

"बाकीच्यासारखं वाटत नाही."

"कानताई, जरा बाहेर जाता का?"

"जाते. तिथूनही ऐकू येतं म्हणा मला." त्या गेल्या.

लेखक आत शिरला. जड दार मागं लोटलं. 

"खरं सांगायचं. पुढची गोष्ट तुला कुणी दिली? कुणाकुणाला दाखवलीस?"

"तुम्ही कुणाला वाचायला दिली होती का?"

"कुणालाही नाही."

"मग मी कुठून वाचणार? वाचली नाही, काका. ऐकलीय."

काका. कालपर्यंत तो सर होता.

"पुलापर्यंत आली होती गोष्ट, तेवढ्यात आम्ही फळीपलीकडची ती खोली सोडली," वाचक शांतपणे म्हणाला. "शेवट नव्या घरी ऐकला मी, खोकल्याच्या औषधाची बाटली संपली त्या दिवशी. सांगू?"

लेखकाला कपाटातली चौथी, कोरी वही आठवली. त्याचा हात आपसूक खिशातल्या पेन्सिलीकडं गेला.

वाचकानं ते पाहिलं. एकदा खोकला आणि खुर्ची जवळ ओढून म्हणाला, "सावकाश घ्या, मी मधेमधे थांबेन. आईसुद्धा थांबायची. म्हणायची, दम धर रे, पलीकडच्या काकांची पेन्सिल मागं राहिलीय."